वईकरांचं सुतक

धुराचा वास आला की मी लाल पेन खाली ठेवते.

शिमगा आटोपलेला असतो. मांडीवर नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, आणि घराखालच्या मळ्यातून तो वास रांगत रांगत वर येतो. आधी सुक्या गवताचा, मग पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, आणि सगळ्यात शेवटी शेणाचा आणि भाजलेल्या मातीचा. हा शेवटचा वास कपड्यांत बसतो, कागदांत बसतो. मी तपासलेले पेपर शाळेत पोचले की कुणीतरी एखादा नाकाशी धरून म्हणतंच, "मिरजोळ्याचा गठ्ठा आला वाटतं."

आमच्याकडे पावसाआधी, जिथं भाताचं रोप करायचं तो तुकडा भाजून घेतात. त्या तुकड्याला दाढ म्हणतात आणि भाजण्याच्या या दिवसांना भाजावळ. थंडीत ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून, भारे बांधून वाळवलेल्या असतात. त्या दाढीवर पसरायच्या, वर पातेरा, शेण, त्यावर चाळल्यासारखी बारीक माती, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. वाऱ्याच्या उलट, म्हणजे आग पळत नाही. ती चालत येते. लहानपणी मला वाटायचं, आग म्हणजे धावणारी गोष्ट. शेवंताकाकीनं दाखवलं की चांगली आग सावकाश चालते, नाहीतर वरचं जळून जातं आणि खालचं तण तसंच राहतं.

शेवंताकाकी आमची शेजारीण. आमचा मळाही तीच करते. आज ती खाली दाढीपाशी आहे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात हिरवी फांदी, आग वाट सोडून जायला लागली तर झोडपायला. अजून पेटवलेलं नाही. वास शेजारच्या मळ्यातून येतोय. आमची दाढ लागेल वारा पडला की.

ही पहिली भाजावळ, जिला खुर्चीतून बघणारे अप्पा नाहीत. अप्पा म्हणजे माझे वडील. गेल्या गणपतीनंतर ते गेले. त्यांची आठवण रोज येते, तिला ऋतू लागत नाही. पण या धुराबरोबर जो आठवतो तो अप्पांच्या आधी गेला, आणि त्याच्याबद्दल मी कधीच कुणाशी नीट बोललेले नाही. वयानं तो फार तर काही महिन्यांचा असेल. लांबीनं माझ्या मधल्या बोटाएवढा, शेपूट सोडून.

*

तो आला त्या वर्षी पौषात अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणं गेलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता: उद्या.

तोच का, हे कुणाला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळं घर कोसळतं आणि एखादा खांब उभा राहतो, तो कुठला ते आपल्या हातात नसतं. जे शब्द परत यायचे ते पहिल्या काही महिन्यांत येतात, नंतर कठीण. त्यांच्याशी बोलत राहा.

मी बोलत राहिले. "अप्पा, चहा देऊ?" "उद्या." "उन्हात बसायचं का?" "उद्या." मुंबईहून दादाचा फोन यायचा. "अप्पा, कसं वाटतंय?" "उद्या." दादा हसला, आणि मग काहीतरी कारण काढून त्यानं फोन ठेवला.

शेवंताकाकी म्हणाली, "आता कुठल्या पण सरकारी ऑफिसात बसवा अप्पांना. शोभतील."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि असं काही खणखणीत "उद्या!" म्हणाले की ती शिवीच होती. काकी खूश झाली. "बगा, समजतंय सगळं."

समजत होतं. हेच तर अवघड होतं. एका शब्दात राग, भूक, लाज, कंटाळा, सगळं भरून पाठवायचं, आणि आम्ही ते उघडताना चुकायचो. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. वर्षानुवर्षं दापोलीची गाडी चालवली. घरी ते बोलायचे तेही बेताचंच, पण जे बोलायचे ते नेमकं. माझ्याबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. दादा मुंबईला गेला, माझ्या मैत्रिणी पुण्याला गेल्या, मी शाळा, वाचनालय आणि घर एवढ्यात राहिले. कुणी विचारलं की अप्पा म्हणायचे, "सरड्याची धाव वईपर्यंत." म्हणीत कुंपण आहे, पण आमच्याकडे कुंपणाला वई म्हणतात. बोलायचे चेष्टेत. मला ते थोडं लागायचं आणि थोडं आवडायचं. त्या पौषात मला ते टोचून बोलणंसुद्धा हवंसं झालं होतं.

स्वतःहून ते एकच काम करत, सकाळी देवाला फुलं घालायचं. तेही सुरुवातीला करीनात. उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डाव्या हातानं देवाला फूल कसं घालायचं? मी परडी पुढं केली की मान फिरवून "उद्या". शेवटी काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो अप्पा, तुम्ही त्याच्या समोर बसताव ना? मग तुमचा डावा तो त्याचा उजवाच की." अप्पांनी थोडा विचार केला आणि परडीत डावा हात घातला.

*

तो आला तो कवळाच्या भाऱ्यातून. कवळ म्हणजे त्याच वाळवलेल्या फांद्या. काकी दाढीवर भारे सोडत होती आणि मी पडवीत पेपर तपासत होते. म्हणींचा प्रश्न होता. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' याचा अर्थ एका मुलीनं लिहिला होता: 'कारण कुंपणाच्या पलीकडे शेजाऱ्यांचा कुत्रा असतो.' अर्धा गुण द्यावा की न द्यावा या विचारात मी होते, तेवढ्यात खालून हाक आली.

"बाई, ओ बाई! इकडं या बगू! सुक्यात हिरवं पान हाय!"

खरंच होतं. उन्हानं तांबूस झालेल्या, चुरचुरणाऱ्या त्या ढिगात एकच पान हिरवंगार. मी वाकले तर पानानं एक डोळा माझ्याकडे फिरवला. दुसरा काकीकडेच राहिला.

"हात नका लावू! इखारी असतंय ते!"

विषारी नसतं, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. शॅमेलिऑन. नंतर कोशात बघितलं तर त्याला मराठी नाव सापडलं, सरडगुहिरा. कुणीतरी विहिरीतून बादली वर ओढताना म्हणावा असा शब्द. पण त्या क्षणी मला दिसला तो त्याचा मागचा पाय. भारा बांधलेल्या वेलाचा पीळ त्यात रुतून बसला होता. पाय सुजून वाटाण्याएवढा झाला होता. मी नखानं वेल तोडला. तो तोंड उघडून फुसफुसला, अंगभर काळे ठिपके आले, आणि मग उरलेल्या, चिमट्यासारख्या तीन पायांनी माझी तर्जनी घट्ट धरून बसला. जंगली जिवाला घरात ठेवू नये, हे मी वर्गात शिकवते. पण तीन पायांचा सरडा वईवर सोडला तर कावळ्याचं काम सोपं होणार होतं. पाय बरा होईपर्यंत, असं मी ठरवलं. पाय बरा झाला की वईवर.

घरापुढच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला जास्वंद आहे. अप्पांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. तिच्या फांदीवर त्याला ठेवलं. पिंजरा नव्हता, दोरी नव्हती. तो जाऊ शकला असता. गेला नाही.

नाव काकीनं दिलं. "वईवर राहनार ना? मग वईकर." मी त्याला 'साहेब' जोडलं, कारण त्याच्यासारखा विचारपूर्वक पाऊल उचलणारा अधिकारी मी आमच्या शिक्षण खात्यातसुद्धा पाहिलेला नाही. पाऊल उचलायचं, हवेत धरायचं, पुढं-मागं डुलायचं, ठेवू की नको असं करत पुन्हा जिथल्या तिथं ठेवायचं.

अप्पा बघत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी, वईकर असाच एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायला निघाला होता. पाय उचलला, डुलला, मागं आला, पुन्हा डुलला. आणि माझ्या शेजारून आवाज आला:

"घाट."

मी पेपर बाजूला ठेवला. हळूच विचारलं, "काय म्हणालात अप्पा?"

डावा हात त्यांनी गिअरच्या दांड्यावर ठेवल्यासारखा धरला आणि पुढं-मागं केला. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलताना अशीच मागं येते, डुलते आणि मग धरते. "घाट," ते पुन्हा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं.

*

त्यानंतरचे दिवस मला एखाद्या सुट्टीसारखे आठवतात, ज्या सुट्टीत कुठंही जायचं नव्हतं. आंब्याची अढी घालायच्या आधीचे दिवस. दुपारी वारं सुटायचं, सड्याच्या कातळपठारावरून एमआयडीसीचा भोंगा ऐकू यायचा, आणि खळ्यात आम्ही तिघं. मी पेपर तपासायची, अप्पा वईकराकडे बघायचे, वईकर एका डोळ्यानं अप्पांकडे आणि दुसऱ्यानं माशीकडे.

त्या डोळ्यांचं मला कोडं होतं, अप्पांना नव्हतं. एक दिवस त्यांनी दोन्ही बाजूंना बोट दाखवून म्हटलं, "आरसा." गाडीचे दोन आरसे. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, आणि मान सरळ. एसटी चालवणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

मासेवाली झुबेदा दिवसाआड बंदरावरून स्कूटरवर यायची. अप्पांचा बांगडा ठरलेला. ती पायरीवरच मासे साफ करून द्यायची. वईकराची ओळख झाल्यावर ती खवलं आणि आतडी फणसाच्या पानावर काढून जास्वंदीखाली ठेवायला लागली, माश्या याव्यात म्हणून. "साहेबांचा डबा," म्हणायची. "बाई, तुमचा साहेब बसल्या जागेवर खातो. आमचा नवरा कतारला बसून असाच खातो म्हणायचा. जेवन आयतं येतं."

माशी बसली की वईकर बराच वेळ काहीच करायचा नाही. मग तोंड थोडं उघडायचं, आणि आपल्याला काही दिसायच्या आत माशी नसायची. एकदा असंच झालं आणि अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले:

"गिळलीन!"

कुणाला यात काय एवढं वाटेल, माहीत नाही. मी उठून आत गेले आणि माठापाशी उभी राहिले. आमच्याकडे 'त्यानं गिळली' म्हणत नाहीत, 'गिळलीन' म्हणतात. तो शेवटचा न मी वर्षानुवर्षं पोरांच्या वहीत लाल पेनानं कापत आले होते. आणि माशी स्त्रीलिंगी, म्हणून 'लीन'. नाकतोडा असता तर 'लान' झालं असतं. म्हणजे अप्पांच्या आत कुठंतरी क्रियापद शाबूत होतं, लिंग शाबूत होतं, गावाचा न शाबूत होता. खांब एकच उरला नव्हता. भिंत होती. तेव्हापासून मी तो न कापत नाही.

सरड्यासारखा रंग बदलतो, असं आपण लबाड माणसाला म्हणतो. वईकराला बघितल्यावर ते मला फार अन्यायाचं वाटायला लागलं. त्याला काही लपवताच यायचं नाही. थंडी वाजली की काळवंडायचा. राग आला की ठिपके. माझा हात जवळ गेला की बाजूला पट्टे उमटायचे, अप्पांचा गेला की काही नाही, तसाच हिरवा. मला त्याचा हेवा वाटायचा, दोघांचाही. संध्याकाळी तो फांदीच्या टोकाला जाऊन शेपटीची चकली करायचा आणि झोपताना त्याच्यातून सगळा रंग उतरायचा. पांढुरका व्हायचा, भाताच्या पेजेसारखा. सकाळी ऊन जास्वंदीवर आलं की आधी डोकं हिरवं, मग पाठ, आणि मग चकली उलगडायची. अप्पा ते बघायला खुर्चीत येऊन बसायचे. आधी त्यांना खुर्चीत आणायला मला अर्धा तास विनवण्या कराव्या लागत.

पाय बरा होत होता. सूज उतरली होती. मी त्याच्यावर पाणी शिंपडायची आणि तो पानावरचे थेंब टिपायचा. आता त्याला वईवर न्यायचं, असं मी म्हटलं की अप्पा म्हणायचे, "उद्या." आणि त्या वेळी त्यांना उद्याच म्हणायचं असायचं.

कारण वईचं एक दुसरं प्रकरण होतं. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा अप्पांना म्हणाला होता, वईपर्यंत चालून दाखवा. खळं ओलांडायचं, चार पायऱ्या उतरायच्या, माडाखालून वळायचं, की वई. अप्पा खळ्याच्या कडेला येऊन थांबायचे. "उद्या." वईकराला वईवर अप्पांनीच न्यायचं, असं माझ्या मनात होतं. मी ते त्यांना बोलूनही दाखवलं होतं.

*

एके सकाळी ऊन जास्वंदीवर आलं आणि रंग भरला नाही.

मी म्हटलं, "अजून झोपलाय." अप्पा खुर्चीत पुढं झुकले. ऊन टोकाच्या फांदीवर आलं, पानं चमकली, तो पांढुरकाच. आम्ही दोघंही बघत राहिलो. झोपेचा रंग आणि हा रंग एकच होता, त्यामुळे बराच वेळ आमच्याकडे आशा होती. मग मला चकली दिसली. ती सुटली होती. शेपूट सरळ खाली लोंबत होतं.

का गेला, ते कळलं नाही. पाय बरा होता. आदल्या दिवशी त्यानं माश्या खाल्ल्या होत्या. मोठ्या जनावराच्या मरणाला कारण असतं, लहानाच्या मरणाला फक्त सकाळ असते.

दादाचा फोन आला. मी सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सरडाच ना?" वाईट मनानं नाही म्हणाला, मला धीर द्यायला म्हणाला. पण मी आयुष्यभर मराठी शिकवत आलेय, आणि तो 'च' मला दिवसभर दिसत राहिला. केवढंसं अक्षर, आणि त्यात एक अख्खा जीव बसवून झाकण लावता येतं.

मी त्याला जास्वंदीच्या पानावर ठेवलं आणि खुरपं घेऊन वईकडे निघाले. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अप्पा उठत होते. मी खांदा दिला. खळं ओलांडलं. पायऱ्यांपाशी ते थांबले, डावा पाय हवेत धरला, डुलले, पुन्हा मागं घेतला, आणि मग ठेवला. चारही पायऱ्या अशाच उतरलो. माडाखालून वळलो. वईपाशी करवंदीच्या मुळाशी मी उकरलं. त्याला ठेवलं. अप्पांनी डाव्या हातानं माती लोटली.

मळ्यातून काकी बघत होती. वर आली तेव्हा आधी हसून म्हणाली, "अप्पा, पोचलाव की वईपतूर!" मग तिनं माती बघितली आणि डोक्याचा टॉवेल सोडला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काकी ओरडली, "सोयर ना सुतक, आणि बाई जेवत नायत! पोरांनी ऐकलं तर काय म्हनतील?" मी लाजले. तिचं खरंच होतं. ज्याचं सोयर नाही त्याचं सुतक नाही. भाषेनं नीट हिशेब करून ठेवलाय, कुणासाठी किती रडायचं ते. त्या हिशेबात वईकर कुठंच बसत नव्हता. झुबेदा तेवढी, पायरीवर टोपली ठेवून, फणसाचं पान दुमडत म्हणाली, "लहान होता ओ तो. लहान गेलं की लागतं."

पण माझं रडणं ही खरी काळजी नव्हती. अप्पांनी त्या दिवशी सकाळी देवाला फुलं घातली नव्हती. परडी पुढं केली तर म्हणाले, "उद्या." वईवरून आल्यापासून 'घाट' नाही, 'आरसा' नाही, काही नाही. दुपारी बांगड्याची आमटी वाढली, त्यांनी ताट सरकवलं. "उद्या."

अप्पा आणि बांगडा नको म्हणतात? झुबेदाला तो अपमान वाटला. "अप्पा, मासा काय उद्यापर्यंत थांबतो? वास मारेल तो!"

"उद्या," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परडी, "उद्या." ताट, "उद्या." नुसता वरण-भात खाल्ला, तोही बिनफोडणीचा, फोडणीची वाटी हातानं दूर केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. देव्हाऱ्यात आदल्या दिवसांची फुलं सुकून चिकटली होती. मी घातली असती, पण मी हात पुढं केला की ते मान हलवायचे. मी डॉक्टरांचं ते वाक्य आठवत बसायची, पहिले काही महिने, नंतर कठीण. एवढे कष्टानं आलेले शब्द एका बोटभर जिवाबरोबर मातीत गेले, असंच मला वाटलं. बाकीची भिंत पडली आणि पुन्हा तोच एक खांब उरला. दादाला फोनवर म्हटलं, "होते तिथंच आले रे." आणि पहिल्यांदा त्याच्यापुढे रडले. त्याला वाटलं असेल, अजून सरड्यासाठीच.

चौथ्या दिवशी मी परडी घेऊन गेले ती सवयीनं. पुढं केलीही नाही, नुसती शेजारी ठेवली. अप्पांनी आंघोळ झाल्यावर डोक्यावरून पुन्हा एक तांब्या मागून घेतला होता, ते मला तेव्हा नुसतं विचित्र वाटलं होतं. त्यांनी डावा हात लांब केला, परडी ओढली, सुकी फुलं एकेक करून काढली आणि ताजी घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाले:

"मासा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्याकडे घरातलं लहान मूल गेलं तर तीन दिवसांचं सुतक धरतात. देवाला हात लावत नाहीत, फोडणी देत नाहीत, मासा शिजवत नाहीत. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतात आणि मग देवाला फूल घालतात.

आणि अप्पा तीन दिवस मला सांगत होते. परडी पुढं केली की सांगत होते, ताट वाढलं की सांगत होते. शब्द बरोबर होता: आज नाही, सुतक फिटल्यावर. एक शब्द असलेल्या माणसाला तो शब्द एकदा खरा वापरायचा असेल तर त्यानं काय करावं?

*

नंतर अप्पांना बरेच शब्द आले. सगळे नाहीत, पण घर चालण्याइतके. 'वईकर' त्यांना कधी जमलं नाही. 'वई' म्हणायचे आणि पुढचं आम्ही ऐकायचो. रोज सकाळी तिथपर्यंत चालत जायचे, करवंदीला हात लावायचे आणि परत. मी म्हणायची, "सरड्याची धाव." ते म्हणायचे, "वई." आमच्या घरात ही म्हण दोघांनी मिळून पुरी करायची झाली होती. आणि ती टोचायची थांबली. वईपर्यंत जाणं किती लांबचं असतं, ते मी बघितलं होतं.

गणपतीनंतर अप्पा गेले तेव्हा सगळं रीतसर झालं. दहा दिवस, बारावा, तेरावा. दादानं सगळं केलं. भटजींनी सांगितलं कधी काय सुटतं, कधी काय धरायचं, आणि आम्ही ते धरलं आणि सोडलं. लोक आले, बसले, बोलले. अप्पांच्या वेळी मला कुणी विचारलं नाही की का रडतेस. मला त्या गर्दीत राहून राहून आठवत होतं ते दुसरं सुतक, जे एकट्या माणसानं, कुणाला न विचारता, डाव्या हातानं पाळलं होतं. मी रडत होते आणि मला लाज वाटत होती, तेव्हा माझ्या बापानं माझ्या रडण्याला घरात जागा करून दिली होती. मला ते चौथ्या दिवशी कळलं. त्यांना हे सांगायचं राहिलं, असं म्हणणार होते, पण त्यांना ते माहीत होतं. त्या दिवशी मी त्यांना एकाऐवजी दोन बांगडे वाढले होते आणि ते माझ्याकडे बघून हसले होते.

वारा पडलाय. मांडीवरच्या पेपरात एका मुलानं लिहिलंय, 'आजीनं गोष्ट सांगितलान.' गोष्ट स्त्रीलिंगी, म्हणून 'सांगितलीन' हवं. मी 'लान' खाली एक रेघ मारली आणि वर 'लीन' लिहिलं. न राहू दिला.

शेवंताकाकी कोयता घेऊन खळ्यात आली. चेहरा शेजारच्या धुरानं तांबडा, पदर खोचलेला.

"बाई, भारे जरा कमी पडलं. ही जास्वंदीची टोकाची फांदी छाटू काय? सुकलीच हाय. नायतरी मेलेलीच."

मी बघितलं. सुकली होती खरी. पानं नव्हती तिच्यावर, कळी नव्हती. टोकाला ऊन आलं होतं.

"उद्या," मी म्हटलं.

काकी माझ्याकडे बघत उभी राहिली. मग फांदीकडे बघितलं तिनं. मग अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

काकीनं कोयता खाली घेतलान.